अंधाराचा तास

"आमच्या घरातला बल्ब बंद केल्यानं तिकडं बर्फ वितळायचा थांबणार हाय का, भाऊसाहेब?"

गिरणीवाल्या सुबरावनं विचारलं आणि मारुतीच्या देवळासमोर जमलेली सगळी ग्रामसभा हसली. मीही हसले. बायकांच्या बाजूला मागच्या रांगेत बसलं, की कशाला हसतोय हे कळायच्या आधीच हसावं लागतं.

ग्रामसेवकाला आमच्या उंबरदऱ्यात भाऊसाहेब म्हणतात, मग तो वयानं केवढाही असो. हा भाऊसाहेब नुकताच नोकरीला लागलेला, काडीसारखा पोरगा होता. तो काही दबला नाही. म्हणाला, "सुबराव, यंदा तुमच्या आंब्याला मोहोर कितीदा आला?"

"दोनदा."

"आणि आंबे?"

"एकदाबी न्हाई."

पुन्हा हसू झालं, पण लवकर विझलं. त्या साली ऐन काढणीच्या ज्वारीवर पाऊस पडला होता. दाणा काळा पडला होता आणि सगळ्यांच्या घरात त्याच काळ्या दाण्याच्या भाकऱ्या चालल्या होत्या. हवामान बिघडलंय हे कुणाला सांगायची गरज नव्हती. ते ताटातच होतं.

जिल्ह्यानं स्पर्धा काढली होती. जे गाव वीज वाचवील त्याला बक्षीस. भाऊसाहेबांचं म्हणणं असं, की रोज संध्याकाळी एक तास अख्ख्या गावानं मेन स्विच पाडायचा. देवळातली घंटा वाजली की बंद, परत वाजली की चालू. गावाच्या डीपीवर, म्हणजे वीज येते त्या मोठ्या पेटीवर, मीटर बसवलाय, कुणी लबाडी केली तर तिथं दिसेल.

"दिवेलागणीला घरात अंधार?" म्हाताऱ्या तानुबाईंनी पदर सावरला. "लक्ष्मी काय भिंती चाचपत येणार व्हय रं?"

"लक्ष्मी आल्यावर बंद करू, आजी. देवापुढची समई चालेल."

"आन् माझी मालिका?" ही आमच्या समोरच्या घरातली गजराबाई. "त्यातली सून बाळंत व्हायला टेकलीया."

"ती गेल्या दिवाळीपास्नं टेकलीया," मागनं कुणीतरी म्हणालं.

माझे थोरले दीर, आबा, पुढच्या खुर्चीत होते. ते हसण्यात कधीच नसत. त्यांनी काठी आपटली. "शहरात दुकानांच्या पाट्या रातभर जळत्यात. त्यांचं पाप आम्ही फेडायचं?"

भाऊसाहेब त्यांच्याकडं वळला. "फेडायचं नाही, आबा. पण त्यांचं बटण त्यांच्याकडं आहे. आपल्या हाताशी आपलंच."

आबांना ते पटलं की नाही, कळलं नाही. पण सरपंचबाईंच्या नवऱ्याला तालुक्यात नाव व्हायला हवं होतं, त्यामुळं ठराव झाला. साडेसात ते साडेआठ. मी हात वर केला, कारण शेजारणीनं केला. मला विचाराल तर माझं मत विरुद्ध होतं. मी ब्लाऊज शिवते. मशीनला मोटर आहे. संध्याकाळचा एक तास म्हणजे एक ब्लाऊज.

पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा मी काज करत होते. स्विच पाडला. अंधारात सुई कुठं ठेवली ते सापडेना, म्हणून तशीच उठून ओट्यावर येऊन बसले.

आमचा ओटा सांगायला हवा. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. अर्ध्यात आबा आणि आक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ हौसाक्का. अर्ध्यात मी. ओट्याला मात्र भिंत घातली नव्हती, कारण ओट्याला भिंत घातली तर लोक हसतात. वाटणी झाली तेव्हा ओट्यावर एक दिवा होता. तो आबांच्या मीटरवर होता आणि उजेड दोन्हीकडं पडायचा. आता एवढ्याशा दिव्याचं भांडण व्हावं का? पण भाऊ भाऊ वेगळे होतात तेव्हा असल्याच गोष्टी शिल्लक राहिलेल्या असतात, मोठ्या सगळ्या आधीच भांडून झालेल्या असतात. एका संध्याकाळी आबा म्हणाले, "माझ्या उजेडात बसता." माझे मालक, दिनकर, तडक उठले आणि त्यांनी तो बल्ब काढून आबांच्या दारात ठेवला. तेव्हापासून ओटा काळोखात आणि दोन्ही घरांचा अबोला.

अबोला काय चीज असते ते आमच्याकडं बघावं. माझे मालक गेले, तेव्हा आक्का पहिल्यांदा धावत आली. बारा दिवस माझ्या चुलीपाशी तीच होती. मला घास भरवला, डोक्यावरनं पाणी घातलं, रात्री माझ्याजवळ निजली. आणि या सगळ्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेराव्याला भांडी घासून पालथी घातली आणि आपल्या घरात गेली. मला मूलबाळ नाही. त्यानंतर माझ्या घरात बोलायचं काम मशीनच करायचं.

तर त्या पहिल्या अंधारात मी ओट्यावर बसले होते. घराघरातनं माणसं बाहेर येत होती, कारण आत पंखा नाही. पोरं आरडत होती. कुणीतरी बाज ओढली. गजराबाई अंधाराला शिव्या देत होती. आणि माझ्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडनं आवाज आला.

"उकाडा लई हाय."

मी आजूबाजूला बघितलं. दिसत काहीच नव्हतं. हे आक्का कुणाला म्हणाली? आबा तर आत होते, त्यांचा खोकला आतून येत होता.

मी म्हणाले, "हाय."

एवढंच.  थोड्या वेळानं घंटा वाजली, सगळे दिवे एकदम लागले, पोरांनी हेऽऽ केलं. मी वळून बघितलं तर ओट्याचं ते टोक रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर आक्का भेटली. नेहमीसारखी. मान फिरवून हंडा उचलला आणि गेली. मला वाटलं, मीच भ्रमले असेन. एकटीनं राहिलं की असं होतं.

पण संध्याकाळी घंटा झाली आणि अंधारात बांगड्या वाजल्या. "गजरीची मालिका चुकली वाटतं," आवाज म्हणाला. "आज लईच फणफणतीया."

"सून बाळंत झाली असंल," मी म्हणाले.

आणि आक्का हसली. तिचं हसणं मी विसरले होते. नाकातनं हसते ती, घोड्यासारखं.

असं करत करत रोज थोडं थोडं वाढत गेलं. ती आधी ओट्याच्या तिच्या टोकाला बसायची. मग खांबापाशी आली. मग खांबाच्या अलीकडं. मी एकदा भीत भीत विचारलं, "आक्का, आबांना कळलं तर?"

तिनं दाराकडं कानोसा घेतला. मग म्हणाली, "बल्ब काढला त्या दिवशी त्यांनी मला आण घातलीया. काय म्हणाले ठावं हाय? तिच्या तोंडाकडं बघून बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"आता मला सांग," आक्का म्हणाली, "मला तुझं तोंड कुठं दिसतंय?"

आतून आबांचा खोकला आला. आम्ही दोघी गप्प बसलो. खोकला थांबला. आक्कानं हळूच चिमटा काढला मला, मांडीला. लग्न होऊन नवी आले होते तेव्हा सासूच्या पाठीमागं काढायची तस्सा.

दिवसा मात्र तेच. नळावर पाठ, वाटेवर पाठ, हळदीकुंकवाला दोन टोकांना दोघी. कुणाला वाटलंही नसतं. संध्याकाळची घंटा होईतो मी दिवसभर तिला सांगायच्या गोष्टी गोळा करून ठेवायची. कुणाचं माप वाढलं, कुणी अस्तर कमी आणलं, कुणी गळा एवढा मोठा सांगितला की मीच लाजले. आणि ती मला तिच्याकडच्या सांगायची. रणजित, तिचा मुलगा, पिंपरीला कंपनीत होता, त्याच्या बायकोला भाकरी येत नव्हती. "चपातीवरच जगतंय लेकरू," म्हणायची, जसं काही उपासमारच चाललीय.

पण खरं सांगायचं तर मी वाट बघायची ती दिनकरांच्या गोष्टींची. आक्का या घरात आली तेव्हा माझे मालक एवढेसे होते. तिच्या हाताखाली वाढले. त्यांना पोहायला कुणी शिकवलं, पाचवीत ते कसे रडले, कुत्रं चावलं तेव्हा कुणालाही न सांगता आक्काच्या पदराखाली कसे लपले. माझ्याकडं त्यांचे जे दिवस होते ते मी वापरून वापरून झिजवले होते. तिच्याकडं नवे होते. रोज एक काढायची.

"आंबील प्यायला तर नाकाला लावून यायचा," ती म्हणायची. "मोठा झाल्यावरबी तसाच?"

"तसाच."

 आणि घंटेच्या जरा आधी ती उठायची. कसं कळायचं तिला, देव जाणे. दिवे लागले तेव्हा ती कधी ओट्यावर सापडली नाही.

गावाला तो तास हळूहळू अंगवळणी पडला. म्हणजे काही घरांत निळा उजेड खिडकीतनं दिसायचा, मग पोरं दारावर थाप मारून "मीटर फिरतोय, मीटर फिरतोय" ओरडायची. सुबराव रोज म्हणायचा, हा अंधार म्हणजे येडेपणा, आणि रोज सगळ्यात आधी त्याचीच बाज बाहेर असायची. भाऊसाहेबानं एकदा चावडीवर सांगितलं, की आपलं गाव पुढं आहे. मला भीती वाटली. स्पर्धा कधीतरी संपणार, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

म्हणून मी वाचायला लागले. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रद्दीतनं आलेल्या कागदांवर आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. आता त्या कपाटातलं हवामानावरचं जेवढं होतं तेवढं मी काढलं. कोळसा किती जळतो, धूर कुठं जातो, समुद्र का तापतो. पृथ्वीची काळजी मला आधी नव्हती असं नाही, पण आता मी ती फारच मन लावून करत होते.

बक्षीस मिळालं. वीज वाचवल्याबद्दलचा आमचा सत्कार जनरेटर लावून झाला. देवळावर लाइटिंगच्या माळा सोडल्या होत्या, डीजे होता, आणि पाहुण्यांनी भाषणात आमच्या अंधाराचं कौतुक केलं ते माइकवरनं पार डोंगरापर्यंत ऐकू गेलं. बक्षीस म्हणून गावाला सोलरचे दिवे. खांबावर ऊन साठवणारी पाटी, खाली बॅटरी, संध्याकाळ झाली की आपोआप लागणार.

त्याच्यावर ग्रामसभा बसली. सरपंचबाईंचा नवरा म्हणाला, "आता गल्लीगल्लीत फुकटचा उजेड. अंधाराचा तास आता बंद करू. कसं?"

"बंद! बंद!" गजराबाई सगळ्यात मोठ्यानं ओरडली.

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. पाठ होतं मला सगळं. म्हणाले, "खांबावरचा दिवा सूर्यावर चालंल. पण घरातला पंखा, टीव्ही, फ्रिज, ते काय सूर्यावर चालणार हाय का? ते कोळशावरच चालणार. मग एक तास कशाला सोडायचा? आणि खांब लावायचेच तर चौकात लावा, विहिरीपाशी लावा. माणसं ओट्यावर बसत्यात तिथं पांढराफेक उजेड कशाला?"

भाऊसाहेब खूश होऊन मान हलवत होता. म्हणाला, "शालनकाकू बरोबर बोलतायत. बक्षीस मिळालं म्हणून बचत सोडायची नसते."

"पण आमच्या गल्लीत खांब नकोच म्हणता?" सरपंचबाईंच्या नवऱ्यानं विचारलं.

"नको."

तेव्हा सुबराव पुढनं वळला. मिशीला हात लावला. "शालनवहिनी," तो म्हणाला, "एकट्या बाईमाणसाला अंधाराची एवढी गरज कशी काय वो पडती?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पुरुषांच्या बाजूला एकजण हसला, मग दुसरा. मग ते हसू बायकांच्या बाजूला आलं, पदराआडनं. मी उभीच होते. खाली बसायचं कसं असतं तेच विसरले. कोळसा, समुद्र, धूर, सगळं डोक्यातनं गेलं. भाऊसाहेब "अहो, अहो" करत होता.

आणि आक्का उठली. ती माझ्या पुढं दोन रांगा बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या ओट्यासमोर लावा खांब. अगदी दारात. सगळ्यात मोठा दिवा असंल तो लावा. आन् तास बंद करा."

गजराबाईनं टाळी वाजवली. "बघा! घरातल्याच माणसाला पटंना हिचं!"

ठराव झाला. हात मोजायचीही गरज पडली नाही. खाली बसताना मला आक्काची फक्त पाठ दिसत होती. नळावर दिसायची तीच.

खांब यायला अजून अवकाश होता, पण अंधाराचा तास त्या दिवशी शेवटचाच होता. मी ठरवलं होतं, बाहेर जायचं नाही. घंटा झाली, स्विच पाडला आणि मशीनच्या स्टुलावर तशीच बसून राहिले. कपड्यांचा, तेलाचा वास येत होता. बाहेर बांगड्या वाजल्या. थांबल्या. परत वाजल्या, आता मुद्दाम वाजवल्यासारख्या.

शेवटी गेले.

"का केलंत?" मी म्हणाले. बसले नाही, दाराला टेकून उभी राहिले.

"बस आधी."

"का केलंत, आक्का? तुम्हाला नको होतं तर सांगायचं. मी काय गळ्यात पडले होते?"

"बस म्हणते ना."

मी बसले. ती एकदम जवळ होती. खांबाच्या पार अलीकडं, माझ्या टोकाला. तिच्या हाताला लसणाचा वास येत होता.

"त्या गिरणीवाल्यानं जे तोंडातनं काढलं," ती म्हणाली, "ते उद्या दळणाबरोबर घराघरात गेलं असतं. परवा नळावर. तेरवा तुझ्याकडं कोण ब्लाऊज शिवायला टाकंल? तू नको नको म्हणत बसली असतीस आन् तो हसत बसला असता. आता खांब दारातच. दिवा दारातच. बघा म्हणावं काय बघायचं ते. आता काय बोलंल तो?"

मला रडू आलं, पण अंधार होता, त्यामुळं ते माझ्यापुरतं राहिलं.

"आणि आपलं?" मी म्हणाले.

"आपलं काय."

"उजेडात बोलाल?"

 गल्लीत पोरं शेवटचा अंधार म्हणून जास्तच दंगा करत होती. आतून आबा खोकले. मग ती म्हणाली, "पाचवीत दिनू पडला, चिंचेवरनं, ते सांगितलंय का तुला?"

सांगितलं होतं. पण मी नाही म्हणाले. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. चिंच, फांदी, पडल्यावर तो कसा उठून हसला. सांगताना माझा हात तिच्या हातात होता, आणि तो तिनं गोष्ट संपल्यावरही सोडला नाही. मग सोडला. उठली. ती आत गेली आणि घंटा वाजली.

खांब आला तो पौर्णिमेच्या आसपास. गावात दिवे लागले तेव्हा लोकांनी नारळ फोडला. आमच्या ओट्यासमोर बरोबर मधोमध. पांढरा, दुधासारखा नाही, चुन्यासारखा उजेड. ओट्यावरची मुंगी दिसत होती. माझ्या साडीवरचा दोरा दिसत होता. समोरच्या ओट्यावर धान्य पाखडणारी गजराबाई दिसत होती आणि गजराबाईला आम्ही. पूर्वी निदान लाइट जायची. हा सूर्याचा दिवा, तो वीज गेली तरी जात नव्हता.

मी माझ्या टोकाला बसले. आक्का तिच्या टोकाला येऊन बसली. मधला ओटा एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ती समोर बघत होती, मी समोर बघत होते. बराच वेळ गेला. घरातल्या टीव्हीचे आवाज येत होते, बाहेर फारसं कुणी नव्हतं. 

मग आक्का समोरच बघत, मान न वळवता म्हणाली, "जेवलीस का?"

गजराबाईच्या हातातलं सूप थांबलं. "अगं बया!" ती तिथनंच ओरडली. "आक्का! शालनशी बोलला व्हय तुम्ही? तोंड फुटलं का शेवटी?" तिच्या ओरडण्यानं दोन दारं उघडली. कुणीतरी बाहेर डोकावलं. आत आबांची बाज करकरली.

मी आक्काकडं बघितलं. उजेडात इतकं नीट कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. तिच्या कपाळावरचं गोंदण फिकट झालं होतं. पदराखालचे केस पांढरे झाले होते, ते मला माहीतच नव्हतं. तिचे ओठ हलले.

"मी मांजराला म्हणाले," ती म्हणाली.

"कुठंय मांजार?" गजराबाई.

"होतं. तुझ्या आवाजानं पळालं."

गल्ली हसली, दारं मिटली. आक्का उठली, पदर झाडला आणि आत गेली. मी बसून राहिले. घरात जायला काही कारण नव्हतं, बाहेर थांबायलाही नव्हतं. आमच्या गल्लीत मांजर नव्हतं. गजराबाईचा कुत्रा मांजराला टिकूच देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर जाणार नव्हते. मशीनवर बसले होते, दार उघडं होतं एवढंच. बाहेर बांगड्या वाजल्या. आणि आक्का मोठ्यानं, समोरच्या गजराबाईलाही नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मांजर जेवलं का म्हणावं आज?"

मी सुई खाली ठेवली. ओट्यावर आले. माझ्या टोकाला बसले. समोर बघितलं.

"जेवलं," मी म्हणाले. "पिठलं खाल्लं."

"नुसतं पिठलं? भाकरी न्हाई?"

"काळ्या ज्वारीचं पीठ संपलं. नवीन दळायचंय."

"त्या गिरणीवाल्याकडं नगं जाऊ म्हणावं मांजराला. मी जाते तवा पायली टाकंन."

गजराबाई सूप घेऊन तशीच बघत राहिली.  आणि मग आतून, बाजेवरनं, आबांचा आवाज आला. माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"गारठा पडलाय," आबा म्हणाले. "मांजराला म्हणावं, आता घरात जा."

त्यानंतर किती वर्षं आम्ही त्या मांजराला सांभाळलं. त्याला सर्दी व्हायची, त्याचे गुडघे दुखायचे, त्याला दिवाळीला करंज्या यायच्या. दिनकरांच्या गोष्टी मात्र बंद झाल्या. त्या मांजराला कशा सांगणार? आक्कानं एकदा प्रयत्न केला. "तुझा मालक..." म्हणाली आणि थांबली. खांबाकडं बघितलं आणि भाजीचं काहीतरी काढलं. तिच्याकडं किती शिल्लक होत्या मला माहीत नाही.

आबा गेले. मी आक्काच्या चुलीपाशी बारा दिवस बसले, तिला घास भरवला, तिच्याजवळ निजले. आण त्यांच्याबरोबर गेली होती. कुणी अडवत नव्हतं. पण इतक्या वर्षांनी कुठून सुरुवात करायची ते दोघींनाही उमगेना, आणि तेरावा झाल्या झाल्या रणजित गाडी घेऊन आला आणि तिला पिंपरीला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्या घरासमोर गाडी थांबवली. काच खाली केली, ओट्याकडं बघितलं, आणि काच वर केली.

आता खांबावरचा दिवा अधूनमधून लुकलुकतो. बॅटरी गेली म्हणतात. दोनदा तक्रार झाली, मी केली नाही.

रणजितचा फोन येतो सणासुदीला. गेल्या संक्रांतीला आला होता. तीळगूळ घ्या वगैरे झालं. मग तो म्हणाला, "काकू, आई मागं लागलीय. विचार म्हणतीय, मांजर कसं आहे. तुम्ही मांजर कधी पाळलंत?"

"पाळलंय की," मी म्हणाले. "आहे का ती तिथं?"

"हो, इथंच बसलीय. देऊ फोन?"

मागनं आक्काचा आवाज आला, बारीक झालेला. "नगं, नगं. तूच विचार. जेवतं का म्हणावं नीट?"

"काकू, आई म्हणतीय, जेवतं का नीट?"

"सांग तिला," मी म्हणाले, "जेवतं. म्हातारं झालंय, एकटंच असतं. पण रोज ओट्यावर येऊन बसतं."